पहिल्यांदा एकट्याने: मुंबईहून लोहगडाच्या विंचूकाट्यावर

"ट्रेकला जातेय" म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" उत्तर "कोणी नाही" असेल तर दुसरा प्रश्न येतच नाही, आई थेट मामाला फोन लावते. म्हणून पहिल्या एकट्या ट्रेकसाठी जागा अशी निवडा, जी घरी उजळ माथ्याने सांगता येईल. माझं मत विचाराल तर ती जागा लोणावळ्याजवळचा लोहगड, आणि वेळ दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतची.

मोबाइलवर कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या बघून अनेकांना तिथेच जायचं असतं. जा, पण पहिल्यांदा आणि एकटे असताना नको. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघून त्याच दिवशी मुंबईत परतायचं म्हणजे नुसती धावपळ. लोणावळ्याहून राजमाचीची वाट सोपी आहे, पण इतकी लांबलचक की परतताना एकट्याला कंटाळा गाठतो आणि अंधारही. लोहगडाचं तसं नाही. रेल्वे पायथ्याजवळ येते, वर जायला बांधीव पायऱ्या आहेत, वाटेत वस्ती लागते आणि शनिवार-रविवारी माणसं असतातच. एकटं जायचं म्हणजे ओसाड जागीच जायला हवं असं कुणी सांगितलंय? पहिल्या वेळी आपण एकटे असावं, वाटेवर मात्र वर्दळ असावी.

गडाची उंची १,०३३ मीटर, पण पायथ्याजवळचं मळवली स्टेशनच सहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे खरी चढाई चारशे मीटरच्या थोडी वर. रोज दादरचा पूल चढणाऱ्याला हे जमतं, मात्र सलग पाच-सहा तास पायांवर राहायची सवय नसते. आधीच्या रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटापासून कान्हेरीपर्यंत चालत जा आणि चालतच परत या. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या किती बोलतात त्यावरून अंदाज येईल. बूट कुठे चावतात तेही त्याच दिवशी कळतं.

दिवस कोणता निवडाल

मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे सह्याद्रीत हवा धुतल्यासारखी असते. धूळ बसलेली, गवत अजून पुरतं वाळलेलं नाही, उतारांवर सोनकीचा पिवळा रंग टिकून असतो आणि धुकं सकाळी थोडा वेळ रेंगाळून निघून जातं. पावसाळ्यात लोक इथे ढगात उभं राहून फोटो काढतात. समोरची दरी बघायची असेल तर हाच हंगाम.

याची किंमत एकच, ऑक्टोबर हीट. सकाळी अंगाला गार लागणारी हवा अकरा वाजता चटके देऊ लागते आणि पठारावर सावलीचं झाड शोधावं लागतं. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा त्यापेक्षा सुखाचा, पण तोवर फुलं सरत आलेली असतात.

भाऊबीजेच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळा. लोणावळ्यात तेव्हा गाड्यांची रांग लागते आणि मुंबई-पुणे गाड्यांत उभं राहायला जागा नसते. पहिल्यांदा जाताय तर साधा, बिनसणाचा शनिवार उत्तम: वाटेवर माणसं असतात आणि दुसरा दिवस पाय चेपायला मिळतो.

घड्याळ उलटं लावा

नवखे लोक सकाळी किती वाजता निघायचं यावर चर्चा करतात. एकट्याने जाताना हिशेब दुसऱ्या टोकापासून करा. परत कोणती गाडी पकडायची, तिथून मागे मोजत या. चारचौघांत एखादा तरी "चला रे, उशीर होतोय" म्हणणारा असतो. इथे ते काम तुमचंच.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या कुशीत त्याच्या आधीच काळोखायला लागतं. पुण्याहून मुंबईला येणारी इंद्रायणी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पुणे सोडते, तासाभराने लोणावळ्याला येते. ती गाठायची तर साडेपाचला तुम्ही मळवली स्टेशनात हवेत. त्याआधी वाटेतल्या भाजे लेण्यांना पाऊण तास. म्हणजे चारला भाजे गाव. गडाच्या माथ्यावरून तिथवर उतरायला दीड-दोन तास. म्हणजे दोनला गड सोडायचा आणि जेवणासकट विंचूकाट्याला, म्हणजे गडाच्या पुढे आलेल्या लांब सोंडेला, तास-दीड तास द्यायचा, तर साडेबाराला तिथे पोचायला हवं.

हे सगळं कागदावर लिहा आणि त्यातली एक वेळ अधोरेखित करा: दीड. दीड वाजला तर जिथे असाल तिथून परत फिरायचं, विंचूकाटा समोर दिसत असला तरी. ही वेळ घरी बसून ठरवलेली बरी, कारण वर गेल्यावर माणूस स्वतःशी फार गोड बोलतो.

याच कागदाचा फोटो घरच्या एका माणसाला पाठवा. एकालाच, दहा जणांच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. त्या माणसाला सांगून ठेवा: मळवलीला उतरल्यावर, गडावर पोचल्यावर, भाजे गावात आल्यावर आणि परतीच्या गाडीत बसल्यावर मेसेज येईल. वाटेतल्या खिंडीत रेंज जाते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर चालेल. संध्याकाळी सातपर्यंत भाजे गावातला मेसेजही आला नाही तर मात्र ११२ ला फोन. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र या संस्थेचे बचावकार्य करणारे कार्यकर्ते आहेत, आणि राज्यभरासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. दोघांचे नंबर आदल्या रात्री शोधून घरच्यांकडे आणि आपल्या वहीत लिहून ठेवा. फोनची बॅटरी संपली की फोनमधले नंबरही संपतात.

सॅकमध्ये काय

पाणी तीन लिटर. गडाखालच्या लोहगडवाडीत पाणी-सरबत मिळतं, तरी घरून न्यायचं. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस घाला. ऑक्टोबरच्या उन्हात नुसतं पाणी पीत राहिलं तरी घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, आणि पायात गोळे यायला लागतात ते उतरताना.

खायला चपातीत गुंडाळलेली कोरडी भाजी, राजगिऱ्याचे लाडू, चार खजूर. केळी न्यायची तर डब्यात, पिशवीत नाही. लोहगडावरची माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. हातात पिशवी दिसली की एक पुढून येतं, दुसरं मागून, आणि तुम्ही पुढच्याकडे बघत असताना पिशवी गेलेली असते. हातात काहीही धरून चालू नका, पाण्याची बाटलीही सॅकच्या आत. एखादं अंगावर आलंच तर हातातली वस्तू सोडून द्या, ओढाओढ करू नका.

बूट वापरातले हवेत, तळ खोल नक्षीचा. साधे स्वस्त ट्रेकिंग शूज पुरतात. गुळगुळीत तळाचे जॉगिंगचे बूट इथल्या पायऱ्यांवर सरकतात. पाऊस संपला तरी सावलीतल्या दगडांवर शेवाळ राहतं आणि ते ओल्या शेवाळापेक्षा फसवं, कारण वरून सुकलेलं दिसतं. अंगात पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा शर्ट घाला. डोक्याला टोपी किंवा रुमाल. पूर्ण पँट हवीच: वाटेच्या कडेचं गवत गुडघ्यापर्यंत असतं, त्यात कुसळं असतात आणि क्वचित फुरसं किंवा घोणस. वाट सोडून गवतात शिरू नका, न बघता दगडावर हात टेकू नका. साप चावलाच तर कापाकापी आणि आवळून बांधणं दोन्ही टाळून, शांत राहून लवकरात लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं.

अत्तर, डिओ अजिबात नको. पावसानंतर कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळं लागलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. कुणी सिगारेट पेटवून मोहोळाखाली उभा दिसला तर त्याला समजावत बसू नका, आपण लांब व्हा.

बाकी किरकोळ: टॉर्च (दिवसाचा ट्रेक असला तरी), पॉवर बँक, शिट्टी, पट्टी, ओळखपत्र, सुट्टे पैसे. परिसराचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

मळवलीपर्यंत

मुंबईची लोकल कर्जतच्या पुढे घाट चढत नाही, हे पश्चिम रेल्वेवर वाढलेल्यांना सांगावं लागतं. पहाटेची इंद्रायणी सीएसएमटीहून पावणेसहाच्या जरा आधी सुटते. दादर, ठाणे, कल्याणहूनही पकडता येते. बोरिवली-अंधेरीकरांनी दादर गाठावं. तिचं टू-एसचं (सेकंड सीटिंग) आरक्षण आधीच करा. वेळापत्रक बदलतं, आदल्या रात्री ॲपवर तपासा. आरक्षण नसेल तर जनरल डब्यात जा, पासधारकांच्या डब्यात चुकूनही नको. तिथल्या जागा वर्षानुवर्षं वाटलेल्या असतात आणि उठवताना कोणी हातचं राखत नाही.

कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि बोरघाटात ती गाडीला ढकलत वर नेतात. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे. तेवढ्या थांब्यात खिडकीशी वडापाव येतो. एक खाऊन घ्या, पुढे गरम काही मिळेपर्यंत बराच वेळ जातो.

लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरा. मळवली पुढचंच स्टेशन. पहाटेच्या गाडीनेच या, कारण दुपारी या लोकलच्या फेऱ्यांमध्ये मोठी फट असते. लोकल नुकतीच गेली असेल तर लोणावळ्याहून रिक्षा मिळते, पण बसण्याआधी भाडं आणि "कुठपर्यंत" हे दोन्ही स्पष्ट ठरवून घ्या.

भाजे, खिंड आणि वाडी

स्टेशनातून बाहेर पडून भाज्याच्या रस्त्याला लागा. वाटेत एक्स्प्रेसवे वरून ओलांडायचा पूल आहे. सकाळी त्या पुलावर उभं राहिलं की समोर डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. विसापूरचा माथा सपाट आणि ऐसपैस, लोहगडाला पुढे सोंड आलेली. दोघं नीट ओळखून ठेवा, दिवसभर दिशेला उपयोगी पडतात.

भाजे गावातून लेण्यांच्या पायऱ्या डावीकडे वर जातात. त्या आत्ता सोडून द्या. गाडीरस्ता वळणं घेत गायमुख खिंडीत चढतो, मधूनमधून जुन्या पायवाटा त्याची वळणं तोडतात. एकटे असाल तर पहिल्या खेपेला रस्ताच धरा. दहा मिनिटं वाचवायला रानात घुसलेला माणूस अर्ध्या तासाने त्याच रस्त्यावर कुसळं काढत बसलेला दिसतो.

वाट विचारायची एक पद्धत आहे. "काका, लोहगडला हाच रस्ता ना?" असं विचारलं की दहांपैकी नऊ काका "हो" म्हणतात, रस्ता कोणताही असो. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं! त्याऐवजी "काका, लोहगडला कसं जायचं?" असं विचारा आणि ते हात कुठे करतात ते बघा. अंतर मात्र विचारू नका. "हे काय, इथंच" याचा अर्थ पाच मिनिटंही होतो आणि पाऊण तासही.

खिंडीत रस्ता फुटतो: डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगडवाडी. इथे आलात की घड्याळ बघा. मळवलीपासून दोन तासांच्या वर गेले असतील तर वाडीत दहा मिनिटं बसून ताक प्या आणि दीडची वेळ आठवा. गाडीच उशिरा आली असेल तर मळवलीहूनच रिक्षाने वाडीपर्यंत या आणि उतरताना चाला. त्यात काही कमीपणा नाही. गडाला कोण कसं आलं ते दिसत नाही.

एखादी मावशी तुम्हाला "एकटीच आलीस?" विचारेल. वाडीतल्या माणसांना खरं सांगायला हरकत नाही. उलट "तीनपर्यंत खाली येते" असं सांगून ठेवा, ती लक्षात ठेवते. वाटेत भेटलेल्या अनोळखी टोळक्याने हाच प्रश्न विचारला तर "मागून येतायत बाकीचे" एवढं पुरतं.

चार दरवाजे

वाडीपासून पायऱ्या सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि वर महादरवाजा. खालून बघितलं तर वाट नागमोडी वळत तटबंदीच्या आत शिरते आणि प्रत्येक वळणावर वरचा बुरूज थेट डोक्यावर येतो. शत्रूला चढताना सतत वरून मारा बसावा अशी ही रचना आहे. अर्ध्या वाटेवर धाप लागली की ती जास्त नीट समजते. पायऱ्या उंच आणि असमान आहेत. एका लयीत, नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने चढा. आपल्याला मागे टाकून धावत गेलेला मुलांचा घोळका पुढच्या दरवाजात बसलेला सापडतो.

लोहगड शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. पुढे पेशवाईत नाना फडणवीसांनी इथे बांधकामं केली. नारायण दरवाजा आणि पठारावरचं सोळा कोनांचं तळं त्यांच्या काळातलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी हा एक.

विंचूकाटा

महादरवाजातून आत आल्यावर बहुतेक लोक तोफांजवळ फोटो काढून, दर्गा आणि महादेवाचं देऊळ बघून परततात. तुम्ही पठार ओलांडून पश्चिमेच्या टोकाकडे चालत राहा. तळं मागे पडलं की जमीन अचानक संपते आणि खाली एक लांब, अरुंद सोंड पुढे गेलेली दिसते. साधारण दीड किलोमीटर लांब, तीसेक मीटर रुंद, दोन्ही बाजूंना कडे. हाच विंचूकाटा.

त्यावर जायला आधी एक छोटा खडकाळ उतार उतरावा लागतो. एकट्याने थांबून विचार करायची दिवसभरातली ही खरी जागा. खडक कोरडा आहे का? खाली-वर दुसरी माणसं आहेत का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर दरीकडे पाठ करून, तोंड खडकाकडे ठेवून उतरा, सॅकचे पट्टे आवळून. आदल्या रात्री सर पडून गेली असेल, खडक काळपट ओला दिसत असेल, तर काठावरच बसा. नजारा तिथूनही पुरेपूर मिळतो.

डावीकडे पवना धरणाचं पाणी पसरलेलं असतं, पिंपरी-चिंचवडला जातं ते हेच. पाण्यापलीकडे तुंगचा सुळका आणि तिकोन्याचा त्रिकोण. उजवीकडे खाली एक्स्प्रेसवेवर गाड्या रांगेत सरकताना दिसतात, आवाज मात्र वाऱ्याच्या दिशेवर. सोंडेच्या गवतात सोनकीबरोबर तेरड्याची उरलीसुरली गुलाबी फुलं सापडतात. त्यांत बसून फोटो काढायचा मोह आवरा, एका बसकणीत वीतभर जागा भुईसपाट होते.

दोन्ही बाजूंनी वारा येतो, तेव्हा कडेला सेल्फी नको. एकट्या माणसाचा फोटो काढायला दुसऱ्याला विनंती करावी; बदल्यात त्यांच्या आख्ख्या ग्रुपचे वीस फोटो काढून द्यावे लागतात, एवढाच भुर्दंड. मग टोपी चेहऱ्यावर ओढून अर्धा तास नुसतं बसा. आणि दीडला उठा.

उतरताना

गडावर पडणारे बहुतेक जण उतरताना पडतात. मांड्या थकलेल्या असतात, लक्ष गाडीकडे असतं. पायऱ्यांवर तिरकं पाऊल टाका, बुटाच्या नाड्या उतरण्याआधी पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्यांची नखं काळी होतात. पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. वरूनच पट्टी आवळा आणि वाडीपर्यंत कुणाचा तरी हात मागा. तिथून रिक्षा मिळते.

भाजे लेणी आत्ता बघायची, सकाळी नाही, याला कारण आहे. ती पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी आत अंधार असतो, उशिरा दुपारी मात्र ऊन चैत्यगृहात तिरपं शिरतं आणि मागचा स्तूप उजळतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. कमानीला बसवलेल्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. मान वर करून त्या बघत राहिलं की दगडात सुतारकाम का कोरलंय ते समजायला लागतं. दक्षिणेकडे चौदा स्तूपांचा समूह आहे, तोही चुकवू नका. तिकीट लागतं आणि संध्याकाळी बंद होतं, म्हणून साडेचारच्या आत पायऱ्या चढा. पाय ओरडत असतील आणि वेळ निसटली असेल तर लेणी सोडून द्या, गाडी सोडू नका.

मळवलीहून लोकलने लोणावळा. गाडीला वेळ असेल तर चिक्की घ्या, घरी एकट्याने गेल्याचा राग थोडा उतरतो. इंद्रायणीत पाय ठेवायला जागा नसली आणि दुसरी एखादी कर्जतला थांबणारी गाडी मिळाली, तर कर्जतला उतरून सुटणारी लोकल धरा. ती तिथूनच निघत असल्याने खिडकी मिळते. सगळंच चुकलं तर लोणावळ्याहून मुंबईच्या एसटी आहेत. हायवेवर हात दाखवून अनोळखी गाडीत बसू नका, भाडं कितीही कमी सांगोत.

गाडीत बसलात की चौथा मेसेज करा. आणि घराचं दार उघडल्यावर पाचवा, जरी तो ठरवलेला नसला तरी. ज्याला कागदाचा फोटो पाठवला होता तो तोवर जागाच असतो.